अंतराळातली बोळकंडी

मी इतिहास घेऊन बी. ए. झालो. गेल्या पंचावन्न वर्षांत ह्या पदवीचा कुणालाही कशासाठीही उपयोग झालेला नाही. कचेरीत तिच्यामुळं बढती मिळाली नाही, आणि घरात 'कालची भाजी कुणी संपवली' ह्या इतिहासापलीकडं कुणाला रस नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या सिनसिनाटी गावी, चिरंजीवांच्या तळघरात टूथपेस्टच्या टोपणांना करडा रंग देत बसलो असताना ही पदवी पहिल्यांदा माझ्या अंगात आली.

तळघर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं भुयार, गुप्त खजिना आणि वटवाघळं येतात. अमेरिकेतल्या तळघरात कपडे धुण्याचं यंत्र, व्यायामासाठी घेतलेली आणि टॉवेल वाळत घालण्यासाठी वापरली जाणारी यंत्रं, आणि मागच्या घरातून आणलेली न उघडलेली खोकी असतात. चिरंजीवांच्या तळघरात ह्याशिवाय एक बारा फुटी टेबल होतं, आणि त्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी बोळकंडी बांधलेली होती. भिंती, छत, भिंतींत दिवे, मधे मधे दारं. मी चष्मा पुसला.

"हे काय?"

"कॉरिडॉर."

"कशाचा?"

"स्पेसशिपचा, बाबा."

"आणि स्पेसशिप?"

"ते नाहीये. नुसता कॉरिडॉर."

"अगंबाई," सौ. जिन्यावरून म्हणाली, "म्हणजे घर नाही आणि पॅसेजच बांधलायस!"

आता पॅसेज ह्या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे. माझा जन्म गिरगावातल्या चाळीत झाला. चाळ म्हणजे मुळात एक लांबलचक गॅलरी. तिला एका बाजूनं खोल्या चिकटवलेल्या असतात, त्या केवळ नाव नोंदवायला. माणसं राहतात गॅलरीतच. आमच्या गॅलरीत मुंजीची पंगत बसली, तिथंच क्रिकेटच्या कसोट्या झाल्या, आणि अंत्ययात्रेला खांदा कुणी द्यायचा ह्यावरचे वादही तिथंच झाले. पुढं डोंबिवलीला ब्लॉक घेतला, त्यात सव्वातीन फूट रुंदीचा पॅसेज होता. तो पॅसेज ह्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच त्याची ओळख करून ठेवतो.

चिरंजीवांचं वय पन्नास. काँप्युटरच्या धंद्यातली बरी नोकरी. असल्या माणसानं रोज रात्री जेवून झाल्यावर खाली जाऊन पुठ्ठा का कापावा, हे मी त्याला विचारलं नाही. त्याऐवजी, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून, अंतराळयानाला मुळात कॉरिडॉर आला कुठून ह्याचा शोध घ्यायचं ठरवलं. मुलाला सरळ प्रश्न विचारण्यापेक्षा ग्रंथालयात जाणं बापाला सोपं पडतं.

पहिला शोध असा लागला की खऱ्या अंतराळयानाला कॉरिडॉर नसतोच. १९८४ साली आपले राकेश शर्मा ज्या सोयूझ यानातून वर गेले, त्यात तीन माणसं गुडघे पोटाशी घेऊन, खांद्याला खांदा लावून बसली होती. गर्दीच्या वेळची डोंबिवली लोकल, फक्त दाराशी लोंबकळायची सोय नाही. पुढं ते आठवडाभर सॅल्यूत स्थानकात राहिले. तिथंही हातात फाइल घेऊन रुंद पॅसेजमधून रुबाबात चालत जावं असं काही नव्हतं. चालताच येत नाही म्हटल्यावर पॅसेज कशाला?

म्हणजे कॉरिडॉर आला तो सिनेमातून, आणि सिनेमात आला तो काटकसरीतून. हे वाचल्यावर मला ह्या विषयाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. अंतराळयानाचं अख्खं पोट बांधायला पैसे लागतात. कॉरिडॉर एकदाच बांधायचा, त्यातून माणसं डावीकडून पळवायची, मग दारावरची पाटी बदलून उजवीकडून पळवायची. झाला दुसरा मजला! बीबीसीनं १९६३ पासून 'डॉक्टर हू' नावाची मालिका चालवली. तिच्यातली पळापळ पाहून तिकडच्या प्रेक्षकांनी ह्या कॉरिडॉरांवर इतके विनोद केले आहेत, की त्यापुढं आपले मराठी रंगभूमीवरच्या दिवाणखान्याबद्दलचे विनोद काहीच नाहीत.

अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' सुरू झाली. तिच्या कॉरिडॉरला वळण होतं. सरळ कॉरिडॉरचा शेवट दिसतो, आणि शेवटी प्लायवूडची भिंत असते. वळणाऱ्या कॉरिडॉरचा शेवट दिसत नाही, तेव्हा तो कितीही लांब असू शकतो. त्या यानाची दारं माणूस समोर आला की आपोआप सर्रकन उघडायची. मागं दोन कामगार दोरी धरून उभे असायचे. कधी दोरी ओढायला उशीर व्हायचा आणि नट दारावर आपटायचा. बाविसाव्या-तेविसाव्या शतकातलं विज्ञान अशा रीतीनं दोन माणसांच्या लक्षावर अवलंबून होतं.

स्टॅन्ली कुब्रिक हा मात्र काटकसर न जाणणारा मनुष्य. १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी त्यानं अडतीस फूट व्यासाचं, तीस टनांचं फिरतं चक्र बांधवलं. बांधणारी कंपनी विमानं बांधणारी, व्हिकर्स. त्या चक्राच्या आतून नट चालू लागला की चक्र फिरायचं, आणि पडद्यावर तो भिंतीवरून छतावर, छतावरून पुन्हा खाली असा धावताना दिसायचा. जत्रेतला पाळणा आणि उंदराचं चाक यांचा हा संकर साडेसात लाख डॉलर्सना पडला. चिरंजीव ह्या चक्राबद्दल फार आदरानं बोलतात. पण त्यांचा जीव जडला आहे तो एका साध्या, सरळ, पांढऱ्या कॉरिडॉरवर. तो १९७७ सालचा.

'स्टार वॉर्स' पाहिलेला नाही असा वाचक आता दुर्मिळ असेल, पण मी स्वतःच सत्तरीनंतर पाहिला, तेव्हा सांगतो. सिनेमा सुरू झाल्यावर काही मिनिटांतच पांढरीशुभ्र बोळकंडी दिसते. शिपाई दाराकडं बंदुका रोखून उभे. दाराच्या कडेनं ठिणग्या उडतात, दार फुटतं, धूर येतो, पांढऱ्या चिलखतातले लोक आत घुसतात, मारामारी होते. आणि मग त्या धुरातून, त्या पांढऱ्या भिंतींमधून, पायघोळ डगला घातलेला एक काळाकुट्ट इसम शांतपणे चालत येतो. त्याचं नाव, हुद्दा, इतिहास काही सांगितलेलं नसतं. नुसता पॅसेजमधून चालत येतो आणि आपल्याला कळतं, की हा साहेब आहे. कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावं लागत नाही.

हा सिनेमा इंग्लंडात एल्स्ट्री स्टुडिओत तयार झाला, आणि पैसे बेताचेच होते. नेपथ्य सजवणारा रॉजर ख्रिश्चन नावाचा गृहस्थ होता. त्यानं काय करावं? मोडीत निघालेल्या विमानांचे भाग विकत आणले. हा माल वजनावर मिळायचा, आणि विमान मुळात हलकंच असतं! त्या भागांची मोडतोड करून त्यानं यानांच्या भिंती सजवल्या. नायकाच्या हातात जी प्रकाशाची तलवार आहे, तिची मूठ म्हणजे लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानात सापडलेली, जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. तिच्यावर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, झाली तलवार. ह्या नेपथ्याला १९७८ साली ऑस्कर मिळालं. जुन्या बाजारातल्या खरेदीला इतका मोठा मान इतिहासात दुसऱ्या कुणी मिळवून दिला असेल असं वाटत नाही. दोनच वर्षांत 'एलियन' आला, त्यातल्या अंधाऱ्या, घामट कॉरिडॉरच्या भिंतींवरही ह्याच गृहस्थाची विमानांची मोड आहे.

भिंतीवरच्या असल्या निरर्थक पण कामाच्या दिसणाऱ्या तुकड्यांना तिकडं 'ग्रीबली' म्हणतात. ग्रीबली काही करत नाही. ती फक्त असते, आणि तिच्यामुळं भिंत महत्त्वाची वाटते. प्रत्येक कचेरीत अशी माणसं असतात. तर मी जी टूथपेस्टची टोपणं रंगवीत होतो, त्या चिरंजीवांच्या कॉरिडॉरच्या ग्रीबल्या होत्या.

आता टेबलावरच्या रहिवाशांकडं वळू. पावणेचार इंच उंचीची ही प्लॅस्टिकची माणसं. सौ. त्यांना बाहुल्या म्हणते. तसं म्हटलं की चिरंजीवांचा चेहरा पडतो. "आई, त्यांना ॲक्शन फिगर म्हणतात." ह्या शब्दालाही इतिहास आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीनं जवळजवळ फूटभर उंचीचा एक शिपाई बाजारात आणला, जी. आय. जो. त्याचे कपडे काढता-घालता यायचे, हातपाय वळायचे, म्हणजे सर्व लक्षणांनी ती बाहुलीच. पण अमेरिकन बाप मुलाला बाहुली घेऊन देणार नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शब्द काढला, ॲक्शन फिगर. नाव बदललं आणि माल खपला. 'शिळ्या पोळीचा कुस्करा' म्हटलं की मी नाक मुरडायचो आणि 'मनोहरा' म्हटलं की ताट पुढं करायचो, त्यातलाच प्रकार.

आणि गंमत पाहा, पावणेचार इंची माणसांचं माहेर म्हणजे हेच सिनसिनाटी! इथं केनर नावाची खेळण्यांची कंपनी होती. स्टायनर नावाच्या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर काढली, आणि ज्या रस्त्यावर कचेरी होती त्याचंच नाव तिला दिलं. 'स्टार वॉर्स'ची खेळणी करा म्हणून आधी मेगो ह्या बड्या कंपनीला विचारलं होतं. ती नको म्हणाली. केनर हो म्हणाली. पुढं १९८२ साली मेगोनं दिवाळं जाहीर केलं. माझ्या मामांनी चव्वेचाळीस साली दादरला जागा मिळत असताना नको म्हटलं होतं, त्यांची मला फार आठवण झाली.

पण केनरचीही तारांबळ उडाली. सिनेमा आला मे १९७७ मध्ये आणि सगळी पोरं वेडी झाली. नाताळ तोंडावर, आणि खेळणी तयार व्हायला पुढचं वर्ष उजाडणार. तेव्हा कंपनीनं काय विकलं? एक चपटं, रिकामं पाकीट! आत खेळणी नाहीत. आत पुठ्ठ्याचं एक चित्र, काही चिकटपट्ट्या आणि एक प्रमाणपत्र. ते भरून पोस्टानं पाठवायचं, म्हणजे १९७८ च्या फेब्रुवारी ते जून ह्या दरम्यान कधीतरी चार माणसं घरी येतील. पुठ्ठ्यावर बारा माणसांच्या जागा छापलेल्या होत्या. पोरांनी नाताळच्या सकाळी त्या रिकाम्या जागा पाहत बसायचं. अमेरिकन लोकांना ह्या प्रकाराचं आजही आश्चर्य वाटतं. आम्हांला काय त्याचं? आमच्या पिढीनं स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, टेलिफोनची पाहिली, गॅसची पाहिली, आणि नुसत्या नकाशावर बोट ठेवून 'हे आपलं स्वयंपाकघर' म्हणत ब्लॉकचे हप्ते भरले.

पावणेचार इंच ही उंची कशी ठरली? केनरचे मुख्य बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून 'एवढा करू या' म्हटलं आणि कुणीतरी पट्टीनं मोजलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, हिशेब मात्र खरा होता. माणूस फूटभर केला तर त्याचं विमान दिवाणखान्यात मावणार नाही. माणूस लहान केला की त्याला घर देता येतं, वाहन देता येतं. मध्यमवर्गीय माणसाला हे तत्त्व आपोआप कळतं. केनरनं मग विमानं काढली, मोठा चार मजली तळ काढला. इंग्लंडात तर तो तळ पुठ्ठ्याचाच निघाला. पण त्या पहिल्या वर्षांत, सिनेमा ज्या पांढऱ्या कॉरिडॉरमध्ये सुरू होतो, तो कॉरिडॉर काही त्यांनी काढला नाही. ज्याला हवा त्यानं घरी करावा.

घरी करायचा म्हणजे पहिल्यानं गणित. पाच फूट आठ इंचांचा माणूस पावणेचार इंचांत बसवला, की सगळं जग अठरा पटींनी लहान झालं. आठ फुटांची भिंत सव्वापाच इंचांहून थोडी जास्त. बारा फुटांचं टेबल म्हणजे दोनशे सोळा फुटांची बोळकंडी. चिरंजीवांनी ती दोन-दोन फुटांच्या सहा तुकड्यांत केली आहे आणि तुकडे लोहचुंबकांनी जोडले आहेत. का, तर तळघराच्या जिन्याला वळण आहे. बारा फुटांची वस्तू खाली बांधली तर ती तिथंच जन्म काढणार. आमच्या मजल्यावरच्या एकांनी खोलीत लाकडी कपाट बांधून घेतलं होतं. खोली विकताना त्यांना ते कपाटासकट विकावं लागलं.

भिंती पुठ्ठ्याच्या आणि मधे फोम असलेल्या पातळ फळ्यांच्या. दिव्यांसाठी एलईडीच्या पट्ट्या. दिवा थेट दिसला तर ठिपके दिसतात, म्हणून त्याच्यापुढं दुधी प्लॅस्टिक. पांढरा रंगही नुसता पांढरा चालत नाही. कोपऱ्यांत पातळ करडा हात द्यायचा, म्हणजे माणसं तिथून वावरली आहेत असं वाटतं. मला हे अजिबात पटलं नाही. आयुष्यभर भिंतीला हात लावू नका म्हणून पोरांवर ओरडलो, आणि आता मी स्वतः ब्रश घेऊन हातांचे डाग काढतो आहे!

ह्या कामात माझ्या हातून एक अपघात झाला. शेवटच्या तुकड्यातली एक कमान थर्माकोलची होती. ती रंगवायची राहिली होती. मी गणपतीची मखरं केलेला माणूस. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्याच्या आधी वीस वर्षं आमच्या सोसायटीचं मखर माझ्याकडं होतं. मला कोण शिकवणार? चिरंजीव कामावर गेलेले पाहून मी फळीवरचा फवाऱ्याचा डबा घेतला आणि सुर्रकन पांढरा रंग मारला. क्षणभर कमान दुधासारखी दिसली. मग तिला खळी पडली. मग भोक पडलं. मग ती, भर उन्हात ठेवलेल्या श्रीखंडासारखी, माझ्यादेखत बसली. फवाऱ्यातल्या रंगात थर्माकोल विरघळतो. मखराला आम्ही पाण्यातला रंग लावायचो, तो काटकसरीनं लावायचो असं मी समजत होतो. त्यामागं रसायनशास्त्र होतं, हे ओहायोत कळलं.

संध्याकाळी चिरंजीवांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. नवी कमान कापली. त्यांच्या ह्या न बोलण्यानं मी जरा अस्वस्थ झालो. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो. बोललोच होतो एकदा. त्याच्याकडं येतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि मुंबईहून ट्रंकेतून आणलेल्या सोऱ्याची चकलीची चकती सापडत नव्हती. मी चकती कुठं आहे ते पाहिलं होतं. शेवटच्या दारावर, हवा खेळती ठेवणारी जाळी म्हणून. मधोमध ती चांदणी, कडेला पितळेची गोल कड, आणि मागं दिवा. खरं सांगतो, कुठल्याही स्टुडिओला साधणार नाही इतकी ती तिथं शोभत होती. मी गप्प राहिलो. घरात शांतता हवी असेल तर इतिहासकारानं सगळीच साधनं उजेडात आणू नयेत.

त्या रात्री चिरंजीवांनी मला १९८० सालचा दुसरा भाग दाखवला, 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. त्यात ढगांवर तरंगणारं एक शहर आहे. शत्रू आला म्हणून लोक शहर सोडून पळत सुटतात, अर्थात कॉरिडॉरमधूनच. तेवढ्यात नारिंगी कपड्यांतला एक मनुष्य बगलेत काहीतरी घेऊन पळत गेला. मी ओरडलो, "थांबव, थांबव! मागं घे! अरे, हा आइस्क्रीमचा पॉट घेऊन पळतोय!"

आणि तो खरोखरच आइस्क्रीमचा पॉट होता! घरगुती आइस्क्रीमचं यंत्र कुणीतरी त्या नटाच्या हातात दिलं होतं, आणि त्यानं ते जिवापाड धरलं होतं. चिरंजीव आनंदानं टुणकन उडाले. म्हणाले, हे सबंध जगाला ठाऊक आहे. ह्या सिनेमाच्या भक्तांच्या मेळाव्यात लोक नारिंगी कपडे घालून, बगलेत आइस्क्रीमचं यंत्र घेऊन रांगेनं धावतात. त्या क्षणभर दिसलेल्या माणसाला पुढं नाव मिळालं, त्याची पावणेचार इंची मूर्ती निघाली, आणि त्याच्या हातात पॉट नसून महत्त्वाची गुप्त माहिती होती असं पुराणही रचलं गेलं. २०१९ सालच्या एका मालिकेत तर तसल्याच भांड्यातून मौल्यवान धातूच्या लगडी नेल्या.

मला ते पुराण अजिबात नको आहे. आमच्या चाळीत आग लागल्याची आवई उठली होती, तेव्हा तळमजल्यावरच्या काकू लोकांचे दागिने सोडून लाकडी पॉट घेऊनच पळाल्या होत्या. त्या दिवशी त्यात आंब्याचं आइस्क्रीम होतं आणि हँडल फिरवून फिरवून अकरा घरांचे हात दुखत होते. शहर सोडताना माणूस काय उचलतो, हे सिनेमावाल्यांना नकळत कळलं होतं.

आम्ही दोघं खूप हसलो. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही पॉट बरोब्बर ओळखलात. चला, तुम्हांला शेवटचा भाग दाखवतो."

खाली गेलो. शेवटच्या तुकड्यात भिंती हळूहळू जवळ येत होत्या, छत उतरत होतं, जमीन किंचित चढत होती. सव्वापाच इंचांची उंची टोकाला साडेतीन इंच झाली होती. समोरून पाहिलं की बोळकंडी आणखी कितीतरी लांब गेल्यासारखी दिसत होती. आता ह्या युक्तीचा इतिहास मला ठाऊक होता आणि मी तो ऐकवला. रोममध्ये स्पादा नावाच्या कार्डिनलचा वाडा आहे. कार्डिनलसाहेबांची हौस मोठी आणि अंगणातली जागा आमच्या ब्लॉकइतकी. १६५३ च्या सुमारास बोरोमिनी ह्या वास्तुशिल्पकारानं एका गणिती पाद्र्याच्या मदतीनं त्यांना खांबांची एक ओवरी बांधून दिली. खांब पुढं पुढं लहान होत जातात, जमीन चढत जाते. ओवरी जेमतेम नऊ मीटर, दिसते पस्तीस मीटर. टोकाला एक पुतळा आहे, तो पुरुषभर उंच वाटतो. जवळ जावं तर जेमतेम दोन फूट!

"म्हणजे टोकाला लहान माणूस लागतो," चिरंजीव म्हणाले. "पावणेचार इंची उभा केला तर राक्षस दिसेल. अडीच इंची हवा होता." आणि त्यांनी दिवे लावले.

टोकाच्या दारात, चकलीच्या चकतीखाली, एक मावळा उभा होता. मातीचा. लाल पगडी, पांढरा अंगरखा, हातातला भाला मोडलेला, एका गालाचा रंग गेलेला.

तो मी ओळखला, पॉटाहूनही लवकर. १९८५ ची दिवाळी. चिरंजीव दहा वर्षांचे. सोसायटीतल्या सगळ्या पोरांनी मातीचे किल्ले केले. ह्यानं शेजाऱ्यांकडं व्हिडिओवर हा सिनेमा पाहिलेला. ह्यानं आमच्या त्या सव्वातीन फुटी पॅसेजमध्ये बुटांची खोकी एकाला एक जोडून एक लांब बोगदा केला, भिंतींना शाईच्या दौतींची बुचं आणि काडेपेट्या चिकटवल्या, आणि आत मावळे उभे केले. संध्याकाळी साहेब सहकुटुंब फराळाला यायचे होते. मी 'आवर' म्हणून दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. खोकी एकेक करून पायानं चपटी केली आणि गच्चीच्या जिन्याखाली नेऊन टाकली. साहेब आलेच नाहीत.

ही हकीगत मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. लग्नात, बारशात, निवृत्तीच्या समारंभात. 'आमच्या चिरंजीवांनी मावळे रॉकेटात बसवले!' लोक पोट धरून हसायचे. मी खोकी पायानं कशी चपटी केली ते अभिनयासह दाखवायचो, तिथं तर हमखास हशा. त्याच्या स्वतःच्या लग्नातही सांगितली. तोही हसला होता. साहेब आले नाहीत, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं गोष्टीचा शेवट पडला असता.

"हा कुठं मिळाला?" मी विचारलं.

"माझ्याकडंच होता."

"तेव्हापासून?"

"हं. हॉस्टेलला होता, मग इकडं आणला. भाला विमानात मोडला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बाबा, बाजूनं बघा. इकडून या. समोरून फार लांब वाटतो."

मी टेबलाला वळसा घालून गेलो. बाजूनं तो अगदी हाताशी होता. म्हणालो, "साहेब आले नव्हते रे त्या दिवशी."

"माहीत आहे मला," चिरंजीव म्हणाले. "मी दार लावून घेत होतो ना. चिवडा उरला होता पातेलंभर. आठवडाभर डब्यात तोच."

एवढंच बोलणं झालं. मग त्यांनी मला चिमटा दिला आणि डाव्या भिंतीवर टोपणं कुठं बसवायची ते पेन्सिलीनं खुणा करून दाखवलं. मी अकरा टोपणं चिकटवली, त्यांतली दोन वाकडी गेली. त्यांनी ती तशीच ठेवली.

दिवाळीच्या आधी चार दिवस सौ.नं तळघराचा जिना उतरून स्वतःच चकतीचा छडा लावला. बराच वेळ कॉरिडॉर निरखून पाहिला, आणि मग म्हणाली, "छान केलंयस. माझी चकती काढ."

"काढतो, आई. चिकटवली नाहीये मी, नुसती बसवलीय. चकल्या झाल्या की परत देशील?"

"चकल्या झाल्या की शेव आहे. त्याला ही चकती लागत नाही. पण घासून ठेवीन, मगच मिळेल."

तेव्हा त्या दिवाळीत चार दिवस अंतराळयानाच्या शेवटच्या दारावर एक गोल भोक होतं. आतला दिवा त्यातून थेट मावळ्याच्या डोक्यावर पडायचा. चिरंजीवांनी दोन-तीन रात्री ते वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, असंच बरं दिसतंय, चकती आईलाच राहू दे.